परदेशातला मृत्यू, खारुनकाठचा अग्नी

ब्राह्मणपाऱ्यातल्या घरातून निघालेली अंत्ययात्रा लाखेनगर, सुंदरनगर, रायपुरा या रस्त्याने महादेवघाटावर पोचते. वर हाटकेश्वर महादेवाचे देऊळ, खाली खारुन नदी. लाकडे कोण सांगेल, मडके कोण धरेल, भटजींना निरोप कोण देईल, हे ठरवायला रायपूरच्या मराठी घरात फार बोलावे लागत नाही. शेजारचे छत्तीसगढी लोक 'काठी'ला, म्हणजे अंत्यविधीला, येतात. आपण दहावा म्हणतो, ते दशगात्र म्हणतात आणि कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत फौज घेऊन रतनपुरावर आले, १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथेच राहून कारभार पाहू लागले, आणि तेव्हापासून मराठी माणसे या मुलखात रुजत गेली. वाटेतले लाखेनगरसुद्धा वामनराव लाख्यांच्या नावाचे. माधवराव सप्र्यांच्या 'छत्तीसगढ मित्र' मासिकाच्या पाठीशी उभे राहिलेले आणि इथली सहकारी चळवळ उभारणारे हे गृहस्थ. इतक्या पिढ्या गेल्यावर इथल्या घाटावर परकेपणा उरत नाही.

परकेपणा येतो तो मरण दूर घडले म्हणजे. या घरांतली मुले आज दुबईत, मस्कतला, न्यू जर्सीत, म्युनिकमध्ये असतात. कुणी जहाजावर असतो. आईवडील नातवंडे सांभाळायला सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहतात, आणि त्यातलेच कुणी तिकडेच वारते. मग फोनवर जी भाषा ऐकू येते ती घरात पूर्वी कुणी ऐकलेली नसते: शवागार, ना-हरकत, एअरवे बिल, सीलबंद पेटी. या प्रकरणात ती भाषा उलगडून सांगायची आहे. पण त्याआधी एका निर्णयाबद्दल बोलायला हवे, कारण पुढचे सगळे कागद त्या निर्णयावर अवलंबून असतात.

देह घरी आणायचा, तिथेच अग्नी देऊन अस्थी आणायच्या, की सगळे तिथेच उरकायचे? हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवावा लागतो, आणि नेमका तोच घराघरांत पुढे ढकलला जातो. थोरल्या भावाला विचारू, नागपूरच्या आत्याला विचारू, असे म्हणत दोन दिवस जातात. दरम्यान तिकडची यंत्रणा जवळच्या वारसाच्या लेखी संमतीची वाट पाहत थांबलेली असते. देह भारतात पाठवावा किंवा स्थानिक अंत्यसंस्कारास आमची संमती आहे, यांपैकी एक त्यात स्पष्ट लिहावे लागते. संदिग्ध पत्रावर कुठलाही दूतावास पुढे सरकत नाही. वारस म्हणजे पती किंवा पत्नी, ते नसतील तर आईवडील, सज्ञान मुले. थोरल्या काकांचा मान घरात कितीही असला तरी कागदावर सही विधवेचीच लागते, आणि निर्णयही तिलाच करू द्यावा, असे मी ठामपणे म्हणेन.

देह आणला नाही म्हणजे कर्तव्यात कसूर झाली, अशी कुजबुज अशा घरांभोवती सुरू होते. ती अन्यायाची आहे. आपल्याकडे तिन्ही मार्ग पूर्वी चोखाळले गेले आहेत, आणि तेही मानाच्या माणसांच्या बाबतीत.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर इटलीत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे २० वर्षांचे. त्या शहरात तेव्हा दहनाची चाल नव्हती. खास परवानगी काढावी लागली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कास्चिने उद्यानाच्या टोकाशी, हिंदू पद्धतीने त्यांना अग्नी दिला गेला. सोबतच्या मंडळींनी परक्या गावात संगम शोधून काढला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पंचगंगेचा काठ मिळणार नव्हता. पण संगम मिळाला. आज तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक 'त्या भारतीयाचा पूल' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

वासुदेव बळवंत फडक्यांचे तसे काहीच झाले नाही. ते १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वारले. शिरढोणच्या घरी ना देह आला ना अस्थी. कैद्याच्या देहावर घरच्यांचा हक्क आहे, ही कल्पना त्या राजवटीला मान्य नव्हती. १९०९ साली लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांना फाशी झाली तेव्हाही हिंदू पद्धतीने संस्कार करण्यासाठी देह दिला गेला नाही. तुरुंगाच्या आवारात पुरलेले त्यांचे अवशेष १९७६ साली, ६७ वर्षांनी, भारतात आणले गेले. अकोल्यातला मदनलाल धिंग्रा चौक विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या नावामागची ही वाट पाहणे फारसे कुणाला ठाऊक नसते.

डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट उलट्या दिशेची आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात वारल्या, आणि त्यांच्या अस्थी अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर बाईंकडे पाठवण्यात आल्या. ज्या बाईंनी परक्या देशात त्यांना मुलीसारखे घरात ठेवून घेतले, त्यांच्या कुटुंबाच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, त्या अस्थींना विसावा मिळाला. माणसाचे घर कुठे, हा प्रश्न १८८७ सालीही सोपा नव्हता.

आणि देह समुद्रमार्गे घरी आणल्याचे मोठे उदाहरण मुंबईनेच पाहिले आहे. विठ्ठलभाई पटेल २२ ऑक्टोबर १९३३ रोजी जिनिव्हाजवळच्या रुग्णालयात वारले. शेवटच्या दिवसांत सुभाषचंद्र बोस त्यांच्याजवळ होते. देहावर रासायनिक प्रक्रिया करून तो 'नरकुंडा' बोटीने मुंबईला आणला गेला आणि १० नोव्हेंबरला दहन झाले, म्हणजे मृत्यूनंतर १९ दिवसांनी. चौपाटीवर, जिथे लोकमान्यांना अग्नी दिला होता तिथे दहन व्हावे, ही इच्छा सरकारने मानली नाही. सोनापूरच्या स्मशानात ते झाले. धाकटे बंधू वल्लभभाई तेव्हा नाशिकच्या तुरुंगात होते. अटी मान्य करा आणि अंत्यविधीला जा, असे सरकारने सांगितले. त्यांनी अटी नाकारल्या आणि ते गेले नाहीत. देह जिनिव्हाहून मुंबईला पोचला आणि भाऊ नाशिकहून पोचू शकला नाही. देह आणण्याचा सारा खटाटोप माणसे जमावीत म्हणून असतो, हे या प्रसंगात जितके कळते तितके कुठल्या नियमावलीत कळत नाही.

आता शास्त्राबद्दल. 'आपल्यात असे चालत नाही' हे वाक्य अशा वेळी फार ऐकू येते, आणि बोलणाऱ्याने बहुधा ग्रंथ पाहिलेला नसतो. दूरदेशी मरण हा धर्मशास्त्राला नवा विषय नाही. काशीला, रामेश्वरला, मोहिमेवर गेलेली माणसे परत येत नसत, तेव्हापासून त्याची तरतूद आहे. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला 'धर्मसिंधु' महाराष्ट्रातले भटजी आजही प्रमाण मानतात. देह मिळाला नाही तर अस्थींना विधिपूर्वक अग्नी द्यावा, आणि अस्थीही मिळाल्या नाहीत तर पळसाची पाने घेऊन प्रतिकृती करावी व तिचे दहन करावे, असा हा क्रम परंपरेत आहे. पानांची संख्या ३६०, डोक्याच्या जागी नारळ. याला पालाशविधी म्हणतात. बुडालेल्या, युद्धात हरवलेल्या, परमुलखात पुरल्या गेलेल्या माणसासाठी तो आजही होतो.

सुतकाचाही हिशेब तसाच केलेला आहे. दहा दिवसांच्या आत बातमी कळली तर उरलेले दिवस पाळायचे. नंतर कळली तर अंतर वाढेल तसे सुतक कमी होत जाते आणि वर्ष उलटल्यावर स्नानावर भागते. आईवडिलांच्या बाबतीत मात्र मुलाला, बातमी कितीही उशिरा कळो, कळल्यापासून पूर्ण दहा दिवस. ज्या परंपरेने पत्र पोचायला लागणाऱ्या महिन्यांचा इतका विचार केला, ती विमानाने पाचव्या-सहाव्या दिवशी आलेल्या पेटीपुढे अडणार नाही. दिवस मृत्यूपासून मोजायचे की दहनापासून, याबाबत घराघरांत आणि भटजीभटजींत फरक असतो. देह निघण्याआधीच ते विचारून ठेवावे, म्हणजे दहाव्याची तारीख नातेवाइकांना कळवता येते आणि त्यांची तिकिटे फुकट जात नाहीत.

इतर धर्मांचे वळण वेगळे आहे, आणि शेजारी म्हणून ते माहीत असावे. मुसलमानांत दफन लवकर करण्याला महत्त्व आहे, म्हणून आखातात वारलेल्या कोकणी मुसलमान माणसाचे दफन पुष्कळदा तिथेच होते. देह आणण्याचा आग्रह घर धरत नाही. गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबे मात्र बहुधा गावच्या चर्चच्या आवारात, वाडवडिलांच्या शेजारी जागा मिळावी म्हणून देह आणतात.

समजा घराने देह आणायचे ठरवले. मग पहिला प्रश्न मृत्यू कसा झाला हा. रुग्णालयात, ठाऊक असलेल्या आजाराने झाला असेल तर वाट सरळ असते. घरी एकट्याने, अपघातात, कामाच्या जागी किंवा आत्महत्येने झाला असेल तर पोलीस आणि न्यायवैद्यक तपासणी टळत नाही. अभिनेत्री श्रीदेवींचे उदाहरण सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिले. २४ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री दुबईतल्या हॉटेलात मृत्यू, मग न्यायवैद्यक अहवाल, सरकारी अभियोक्त्यांची मंजुरी, त्यानंतर रासायनिक प्रक्रिया, २७ ला रात्री खाजगी विमानाने मुंबई आणि २८ ला दहन. पैसा, ओळखी, खाजगी विमान सगळे हाताशी असताना तीन दिवस लागले. सामान्य घराला आठवडा लागला तर तो कुणाच्या हलगर्जीपणामुळेच लागला असे समजू नये. सौदी अरेबियात कामगाराचा मालक कोण, त्याचे देणे-घेणे मिटले का, याच्या निरवानिरवीत कधीकधी महिना निघून जातो. इंग्लंडात देह देशाबाहेर नेण्याची सूचना कॉरोनर या अधिकाऱ्याला द्यावी लागते आणि साधारण चार पूर्ण दिवस थांबावे लागते; विनंती केल्यास तो आधीही परवानगी देऊ शकतो. हे पुष्कळांना माहीत नसते, म्हणून सांगितले. विनंती करावी.

मोठ्या दुर्घटनेत ओळख पटवणे हेच पहिले काम होऊन बसते. इराकमध्ये मोसूलजवळ २०१४ साली मारल्या गेलेल्या भारतीय कामगारांपैकी ३८ जणांचे अवशेष २ एप्रिल २०१८ रोजी परत आले. घरच्यांच्या रक्ताच्या नमुन्यांशी डीएनए जुळवून एकेकाची ओळख पटवावी लागली होती. कुवेतमध्ये मंगाफ भागातल्या कामगारांच्या इमारतीला १२ जून २०२४ रोजी आग लागली. त्यात गेलेल्या ४५ भारतीयांचे देह मात्र हवाई दलाच्या विमानाने दोनच दिवसांत कोचीला आणि तिथून पुढे दिल्लीला पोचले. सरकारने मनावर घेतले की काय होऊ शकते याचा तो दाखला आहे, आणि एकट्यादुकट्या कामगाराच्या वाट्याला ती तत्परता यावी अशी माझी फार इच्छा आहे.

तिकडचा स्थानिक मृत्यूचा दाखला हाती आला की भारतीय दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे जायचे. तिथे मृत्यूची नोंद होते, मृताचा पासपोर्ट रद्द होतो आणि देह नेण्यासाठी ना-हरकत पत्र मिळते. मृताने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर पासपोर्ट त्या देशाचा असतो, पण आपल्या दूतावासाचे पत्र तरीही लागते. दाखला अरबीत किंवा जर्मनमध्ये असेल तर अधिकृत भाषांतर लागते. याबरोबर आणखी दोन दाखले असतात: देहावर रासायनिक प्रक्रिया झाल्याचा, आणि पेटीत देहाशिवाय काही नाही व ती नीट बंद केली आहे असा. मृत्यू संसर्गजन्य रोगाने झालेला नाही, हेही लिहून घ्यावे लागते. दूतावासाने दाद दिली नाही असे वाटले तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर रायपूरला बसून तक्रार नोंदवता येते. २०१५ पासून ही सोय आहे.

रासायनिक प्रक्रिया म्हणजे काय, हे घरच्यांना कुणीतरी आधी सांगायला हवे. रक्तवाहिनीतून फॉर्मॅलिनयुक्त द्रव देहात सोडतात, त्यामुळे कुजण्याची क्रिया मंदावते. चेहरा ओळखू येतो, पण कातडीचा रंग आणि ताठरपणा वेगळा वाटतो. पेटी कशी असावी हे भारताच्या १९५४ च्या विमान (सार्वजनिक आरोग्य) नियमांत दिले आहे: आत जस्ताची किंवा तशाच धातूची, सांधे डाग देऊन हवाबंद केलेली, बाहेर कठीण लाकडाची. पीतज्वर, प्लेग, अँथ्रॅक्स यांसारख्या रोगांनी गेलेल्याचा देह आणायला हेच नियम मनाई करतात. दहन झालेल्या अस्थींना मात्र मनाई नाही. करोनाच्या पहिल्या महिन्यांत नियमांचा गोंधळ झाला आणि एप्रिल २०२० मध्ये अमिरातीतून दिल्लीला आलेले तीन देह त्याच विमानाने परत पाठवले गेले. दोनच दिवसांनी सरकारने स्पष्ट कार्यपद्धती जाहीर केली, पण त्या तीन घरांनी काय सोसले असेल याची कल्पनाही करवत नाही.

विमानतळावर आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती मिळवण्यासाठी पूर्वी कागद हातात घेऊन फिरावे लागे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 'ई-केअर' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. आता कागद तिथे चढवले की आरोग्य अधिकारी, विमान कंपनी आणि देह घेणारा अशा सगळ्यांना परवानगीची स्थिती दिसते, आणि ती पेटी विमानात चढण्याआधीच मिळू शकते. ज्याने कुणाने हे सुचवले त्याचे आभार मानावेसे वाटतात.

खर्चाचा विषय दुःखात काढायला लाज वाटते, पण तो काढावाच लागतो. अनेक विमान कंपन्या देहाचे भाडे वजनावर घेत. आपल्या माणसाला काट्यावर ठेवून किलोचा दर लावलेला पाहणे हा आखातातल्या कामगारांचा जुना सल होता. मोठ्या ओरडीनंतर एअर इंडियाने जानेवारी २०१९ मध्ये अमिरातीसाठी सरसकट १५०० दिर्हॅम दर ठरवला, मुलांसाठी निम्मा. गरजू कुटुंबांसाठी दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. २००९ साली तो उभा राहिला, आणि पासपोर्टसारख्या सेवांच्या शुल्काबरोबर घेतलेल्या लहान रकमांतून तो भरतो. म्हणजे तो परदेशातल्या भारतीयांचाच पैसा आहे. तो मागताना कुणी संकोच करू नये. इमिग्रेशन तपासणी लागणारा पासपोर्ट घेऊन आखातात गेलेल्या कामगाराचा प्रवासी भारतीय विमा योजनेत विमा असतो. अपघाती मृत्यूला १० लाख रुपये, शिवाय देह आणण्याचा खर्च. पॉलिसीचा कागद तिकडे सामानात राहतो आणि रायपूरला कुणाला त्याचा पत्ता नसतो, म्हणून निघण्याआधी त्याची छायाप्रत घरी ठेवून घ्यावी. जहाजावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार जबाबदारी जहाजमालकाची असते. भारताने हा करार २०१५ साली मान्य केला. आणखी एक: अंत्यविधीच्या सेवांवर, देहाच्या वाहतुकीसह, आपल्याकडे जीएसटी नाही. कुणी लावला तर विचारावे.

रायपूरच्या माना विमानतळावर परदेशातून नियमित विमान येत नाही, त्यामुळे पेटी मुंबई, दिल्ली, हैदराबाद किंवा नागपूरला उतरते. ती प्रवाशांच्या दारातून येत नाही. मालवाहतूक विभागात येते; मुंबईत तो सहारला आहे. एअरवे बिलावर, म्हणजे विमानाच्या मालपावतीवर, ज्याचे नाव असेल त्यालाच, ओळखपत्र पाहून, ती मिळते. म्हणून तिथे रायपूरच्या वडिलांचे नाव घालू नये. जो माणूस रात्री-अपरात्री तिथे उभा राहू शकेल अशा मुंबईच्या किंवा नागपूरच्या नातेवाइकाचे घालावे. आधार आणि पासपोर्टवरच्या नावांत फरक असेल तर तोही आधीच पाहावा. 'अनंत विष्णु' एकीकडे आणि 'ए. व्ही.' दुसरीकडे, एवढ्यावर तास जातात.

पुढच्या देशांतर्गत विमानात पेटी चढवता येते, पण प्रत्येक विमानाच्या पोटात तेवढी जागा नसते आणि नोंदणी नव्याने करावी लागते. नागपूरला उतरली तर रस्ता बरा. भंडारा, देवरी, राजनांदगाव, दुर्ग असे सुमारे २९० किलोमीटर, आणि शववाहिका सहज मिळते. रायपूरची बरीच मराठी कुटुंबे नागपूरशी रक्ताने जोडलेली आहेत. अशा वेळी नागपूरचे मामा, मावसभाऊ अर्धे काम उचलतात. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात एक फोन केला तर माणसे उभी राहतात, याचाही अनुभव लोक सांगतात. शोक आवरून कागद वाचणारा एक माणूस घरात असावा लागतो, आणि तो बहुधा सख्खा नसतो, चुलत असतो.

पेटी घरात आल्यावरची गोष्ट कुणी लिहीत नाही, म्हणून ती नीट सांगतो. जस्ताची पेटी सरणावर ठेवता येत नाही आणि विद्युतदाहिनीतही घालता येत नाही. ती कापावी लागते. पत्र्याचे काम करणारा कारागीर, पत्रा कापायची कात्री आणि जाड हातमोजे यांची व्यवस्था आदल्या दिवशीच करून ठेवावी. मुलांना आणि वृद्धांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवावे. फॉर्मॅलिनच्या वाफेने डोळे झोंबतात, म्हणून जागा उघडी हवेशीर हवी आणि तोंडावर फडके हवे. बरेच दिवस झाले असतील तर पेटी घरी उघडूच नये. ती घाटावर उघडावी, चेहऱ्यापुरती जागा मोकळी करून जवळच्यांना दर्शन घेऊ द्यावे. देहाला स्नान घालता येत नाही. तुळशीपत्र, गंगाजल शिंपडून, नवे वस्त्र वरून पांघरून विधी करावा. भटजी हे समजून घेतात. मारवाडी श्मशानघाट असो की महादेवघाट, पेटी परदेशातून आली आहे हे आधी कळवलेले बरे, कारण तयारी वेगळी लागते आणि गर्दीत ते सांगता येत नाही.

अस्थी आणायच्या ठरल्या तर हे सारे हलके होते. दहनाचा दाखला, मृत्यूचा दाखला, दूतावासाचे पत्र आणि कलश, एवढे घेऊन मुलगा किंवा मुलगी नेहमीच्या विमानाने येऊ शकते. कलश धातूचा नसावा, लाकडी किंवा तत्सम असावा, कारण तपासणीच्या यंत्राला आतले दिसले नाही तर सुरक्षारक्षक तो पुढे जाऊ देत नाहीत आणि उघडतही नाहीत. यात आपल्या माणसांना एक धक्का बसतो. आपण तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतो, हाताने वेचतो. अमेरिकेत आणि युरोपात दाहिनीतून निघालेली हाडे यंत्रात दळून त्यांची पूड करून देतात. दोन-अडीच किलो करडी पूड पाहून 'हे आमचे वडील नव्हेत' असे वाटणे स्वाभाविक आहे. दहनगृहाला आधी सांगितले तर काही ठिकाणी अस्थी न दळता देतात, तेव्हा विचारून पाहावे. जपानी कुटुंबे दहनानंतर हाडे स्वतः काड्यांनी उचलून कलशात ठेवतात, त्यामुळे ही मागणी जगाला अगदीच अनोळखी नाही.

रायपूरला अस्थी आल्यावर कुणी महादेवघाटावर खारुनेत सोडतात, कुणी महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर राजिमला नेतात. नागपूरशी नाते असलेली घरे रामटेकच्या अंबाळा तलावावर जातात, काही नाशिकच्या रामकुंडावर, काही प्रयागला. एका घराच्या अस्थी दोन ठिकाणी सोडलेल्याही चालतात. मुलगा तिकडे राहणार असेल तर थोड्या तिथल्या नदीत, थोड्या इथे, असेही लोक करतात.

दहाव्या-तेराव्यानंतर कागदांचे आणखी एक काम उरते, आणि त्यात हमखास चूक होते. दहन रायपूरला झाले म्हणून महापालिकेकडे मृत्यूचा दाखला मागायला जातात. तो तिथे मिळत नाही, कारण जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते; घाटाची पावती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. परदेशात वारलेल्या भारतीय नागरिकाची नोंद आपल्या दूतावासात होते आणि तिथला दाखला भारतात बँक, विमा, वारसनोंद या सगळ्याला चालतो. त्याच्या आठ-दहा प्रमाणित प्रती देह निघण्याआधीच मागून घ्याव्यात, नंतर रायपूरहून एक प्रत मागवायला आठवडे जातात. मृत व्यक्ती परदेशी नागरिक असेल तर तिकडच्या दाखल्यावर अपोस्टिलचा, म्हणजे दाखला अस्सल असल्याचा, शिक्का घ्यावा; अमेरिका, इंग्लंड हे देश अपोस्टिल करारात आहेत. कुवेत, कतार, अमिराती यांसारख्या करारात नसलेल्या देशांचा दाखला असेल तर तिथल्या परराष्ट्र खात्याचे आणि मग आपल्या दूतावासाचे साक्षांकन लागते. मृताचे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड दूतावासात जमा करून पोच घ्यावी. पासपोर्ट 'रद्द' असा शिक्का मारून घरच्यांना परत मिळतो. तो जपून ठेवावा, कारण विम्याच्या दाव्यात तोच पुन्हा मागितला जातो.